प्रेमळ, मनमिळाऊ, सुगरण

मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत शेवटून दुसरं पान श्रद्धांजलीचं असतं. काळी चौकट, मधोमध फोटो, खाली चार ओळी. त्या वर्षी चौकटीत माझी मैत्रीण होती आणि खाली छापलं होतं, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सुगरण.' हे शब्द मी लिहिलेले नव्हते. पण अंकाची संपादक मी होते, आणि अजूनही ते पान आठवलं की माझे कान तापतात.

मराठी बाई गेली की तिला हीच तीन विशेषणं मिळतात. पुरुष गेला तर निदान तो कुठे नोकरी करत होता, त्याला क्रिकेटचं किती वेड होतं, एवढं तरी येतं. बाई जन्मभर कोणीही असो, छपाईला जाताना सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या निघतात. मी स्वतः मागच्या अंकांत दोघीजणींच्या फोटोखाली हे लिहिलेलं आहे. त्या दोघींना मी ओळखत नव्हते. हिला ओळखत होते.

माझी मैत्रीण चेटकीण होती. हे मी गमतीने म्हणत नाही. ती स्वतः सांगायची, तेही कोणी विचारलं तर 'मी शाकाहारी आहे' म्हणावं तितक्या सरळपणे. युरोपात चर्च येण्याआधी लोक ऋतूंचे सण पाळायचे. ते आता पुन्हा पाळणारी माणसं जगभर आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ बायका स्वतःला चेटकीण म्हणवतात. हिने वनस्पतिशास्त्र शिकताना कुठेतरी त्याबद्दल वाचलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमागून जपानात, ओजिमाला आली, पहिलं वर्षभर भाषा येईना, काम मिळेना, घरात बसून खिडकीतून सूर्य कुठे मावळतो ते बघत राहिली, आणि तिथून हे सुरू झालं. वर्षाला आठ सण. सर्वांत लहान दिवस, सर्वांत मोठा दिवस, दिवस-रात्र सारखे होतात ते दोन, आणि या चारांच्या मधले चार. नवऱ्याच्या कंपनीचं जपानी कॅलेंडर स्वयंपाकघरात लटकलेलं असे, त्यावर ती हिरव्या पेनाने आठ गोल करून ठेवायची.

मूळ नावं तिच्या जिभेवर बसेनात. तिने आपली ठेवली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुटाण्यांचा सण. त्या दिवसांत इथली माणसं 'संकट बाहेर' म्हणत घरातून भाजलेले सोयाबीन फेकतात. ही बाल्कनीतून फुटाणे टाकायची आणि खालच्या मजल्यावरची जपानी आजी वर बघून हात हलवायची. डिसेंबरात लहान दिवसाचा सण. दुकानात युझू नावाच्या आंबट फळांचे ढीग लागतात, ती फळं गरम पाण्यात सोडून इथे सगळेच आंघोळ करतात. हिच्या घरी त्याशिवाय एक तिळाच्या तेलाचा दिवा असे. ऑगस्टच्या सुरुवातीला भाकरीचा सण, म्हणजे पहिल्या धान्याचा. आणि ऑक्टोबरच्या शेवटी ताटाचा. गेलेल्या माणसांसाठी एक ताट वाढायचं, त्याच्यासमोर बसून जेवायचं आणि ती माणसं जशी होती तशी आठवायची. "जशी होती तशी हं," ती बजावायची. "माझे वडील तिरसट होते. गोड करून सांगितलं तर यायचे नाहीत ते. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताय म्हणतील."

मी देव न मानणारी. तिच्याकडे जायचे ती जेवायला आणि गप्पांना. पण सात वर्षं मी एकही सण चुकवला नाही, एवढं खरं.

चेटकीण या शब्दावरून मी तिच्याशी भांडले होते. म्हटलं, आपल्याकडे या शब्दापायी बायकांना गावाबाहेर काढलंय, मारलंय. तो शब्द तू दागिन्यासारखा घालून मिरवतेस. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दागिना कसला? ज्या बायकांना हा शब्द फेकून मारला, त्यांच्या बाजूला जाऊन बसावं म्हणून घेतला. तू बस तिकडे, मारणाऱ्यांच्या बाजूला, पुस्तक वाचत." लागेल असं ती बोलायची. मनमिळाऊ म्हणे.

फेब्रुवारीत आजार कळला आणि जूनच्या शेवटी ती गेली. मोठ्या दिवसाचा सण आम्ही हॉस्पिटलात केला. केला म्हणजे तिने मला खिडकीचा पडदा सूर्य मावळेपर्यंत वर धरायला लावला. त्याची दोरी तुटलेली होती. मी हाताने धरून उभी होते आणि ती म्हणत होती, "खाली घेऊ नकोस, अजून आहे. अजून आहे."

तिच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी. दहाव्याला मंडळाच्या बायका भेटायला आल्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. शेजारी उभी असलेली मंडळाची सचिव कॅलेंडरवरचे हिरवे गोल बघत हळू आवाजात म्हणाली, "वाईट वाटतं गं. पण असलं काहीबाही घरात केलं की भोगावं लागतंच कुणाला तरी."

माझ्या हातात गाळणं होतं. मी चहा गाळला. एवढंच केलं. रागाने माझ्या डोळ्यांसमोर कप दिसेनासे झाले, पण तोंडातून शब्द आला नाही. मी अशीच आहे. मला उत्तर सुचतं ते घरी आल्यावर, आणि तेही लिहून.

आणि मी तिथे कोण होते? मैत्रिणीला सुतक नसतं. नवऱ्याला असतं, सासूला असतं, साताऱ्याच्या ज्या चुलत दिराने तिला दोनदा पाहिलं असेल त्यालाही असतं. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसला गेले, वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं तपासली. सगळे विचारत होते, तिच्या घरचे कसे आहेत. मी सांगत होते, बरे आहेत.

म्हणून श्रद्धांजलीचं पान माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, हे तरी माझं. मी चार दिवस लिहीत होते. पहिलंच वाक्य होतं: 'ती चेटकीण होती आणि तिने या शहरात आठ सण रुजवले.'

समितीची बैठक स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये भरते, कारण तिथे एकदा पेय घेतलं की कितीही वेळ बसता येतं. सचिवाने माझा कागद वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"अगं, लिहिलंयस सुंदर. पण तो शब्द?"

"तिचा शब्द आहे."

"आपल्याकडे कायदा आहे याच्याविरुद्ध," खजिनदार म्हणाले. ते पुण्याचे, आणि प्रत्येक गोष्टीला कायदा असतो असं मानणारे.

"कायदा जादूटोण्याविरुद्ध आहे. भाकरीविरुद्ध नाही."

"एडिटर-सान चिडल्या," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले, याचा मला अजून राग येतो.

"मुलं वाचतात गं स्मरणिका," सचिव म्हणाली.

कोणाची मुलं? तिथे बसलेल्या एकाच्याही मुलाला सलग मराठी वाचता येत नाही. आईने मराठीत हाक मारली की ती जपानीत 'येतो' म्हणतात. आणि याच सचिवाची मुलगी गेल्या ऑक्टोबरात याच मंडळाच्या हॅलोविनला, शंभर येनच्या दुकानातली काळी टोपी आणि झाडू घेऊन, चेटकीण होऊन नाचली होती. सगळ्यांनी फोटो काढले होते. टोपी चालते. झाडू चालतो. एक बाई ते मनापासून जगली, तर तिचा शब्द छापायचा नाही. हे मला सुचलं, पण लिफ्टमध्ये.

शेवटी सचिव जे म्हणाली त्याला मात्र मला तिथे काय किंवा लिफ्टमध्ये काय, उत्तर सुचलं नाही. "आणि तिच्या सासूबाई अजून इथेच आहेत. एवढं दुःख झालेल्या बाईच्या हातात हे ठेवायचं?"

मी म्हटलं, "बघा तुम्हीच."

त्यांनी बघितलं. प्रेमळ, मनमिळाऊ, सुगरण.

इथवरचा राग सोपा आहे. पण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, आणि ती न सांगता पुढे गेले तर मीही गोडच करून सांगितल्यासारखं होईल. ती जाण्याच्या दोन वर्षं आधी तिने स्मरणिकेला एक लेख दिला होता, 'माझे आठ सण'. रेघांच्या कागदावर, हाताने लिहिलेला. पहिलं वाक्य: 'मी चेटकीण आहे आणि ओजिमाला राहते.' मी ते असं केलं: 'मला निसर्गाची विलक्षण ओढ आहे आणि मी ओजिमाला राहते.' शीर्षक केलं, 'जपानमधले ऋतुरंग'. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगेल या भीतीने आधीच करून टाकलं. इतक्या वर्षांच्या प्रूफवाचनाने एवढं शिकवलेलं असतं: जिथे वाचणारा अडखळेल, तिथली जागा गुळगुळीत करायची.

अंक हातात आल्यावर तिने तो शांतपणे वाचला होता. मग म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही बाई?"

त्यानंतरही ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती. त्या विषयावर पुन्हा कधी नाही. मीही काढला नाही. आणि मग काढायला ती उरली नाही.

अंक छापून आला त्या संध्याकाळी एक प्रत घेऊन मी तिच्या घरी गेले. तिचा नवरा ऑफिसातून आला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा निवडत होत्या. मी त्यांना काकू म्हणते. सत्तरी ओलांडलेली, ताठ बसणारी बाई. साताऱ्यात त्यांची पिठाची गिरणी होती, नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी ती एकटीने चालवली. मी अंक पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, फोटोवरून एकदा बोट फिरवलं आणि खालची ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली.

"सुगरण कोण?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"अगं, कोण सुगरण? हिच्या कुकरची शिट्टी सगळी वसाहत मोजायची, ही सोडून. पुरण केलं होतं एकदा, ते आम्ही पेल्यातून प्यायलो." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या सुनेचा फोटो लावून दुसऱ्याच बाईबद्दल लिहिलंय हे. तू लिहिलंस?"

"नाही काकू. मी वेगळं लिहिलं होतं. ते घेतलं नाही."

"काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं.  तो शब्दही सांगितला.

काकूंनी एक शेंग सोलली. "मग होतीच की ती. इकडं हे सुरू केलं तेव्हाच सांगितलं होतं मला, आई, मी अशी अशी आहे म्हणून. मी म्हटलं, काय करतेस? म्हणाली, दिवा लावते. म्हटलं, लाव बाई, पण खाली ताटली ठेव, ओट्यावर तेल सांडतं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "दर वर्षी जुलैत पीठ कोण धाडत होतं तुम्हाला?"

मला खरंच माहीत नव्हतं. ज्वारीचं पीठ दर जुलैत भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून येतं, एवढंच ठाऊक होतं.

"फोन करायची. आई, माझ्या भाकरीच्या सणाचं पीठ. मला काही पटत होतं असं नाही. भाकरीला कसला आलाय सण, रोजच असते. पण नवं पीठ हातात घेऊन नीट बघते म्हणाली. गिरणीत मी तेच करायचे. कुणाचं धान्य किती वाळलंय ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही."

मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी ती बाई इथं काय बोलली, ते मी ऐकलं. यांच्या स्वयंपाकघराला दार कुठंय? मी सुतकातली, परक्या मुलखातली. मी नाही बोलले. तू का गप्प बसलीस?"

त्या रागावल्या नव्हत्या. विचारत होत्या. मी सगळं सांगितलं. गाळण्याचं, लेखाचं, मी बदललेल्या पहिल्या वाक्याचं. सांगताना पहिल्यांदा मला त्या सगळ्यांपेक्षा माझाच जास्त संताप आला. समितीने एक पान बिघडवलं. मी तिला जिवंतपणी बिघडवलं होतं, आणि तिने ते पाहिलं होतं.

"तो कागद आहे का अजून?" काकूंनी विचारलं.

"आहे."

"मग इथं कशाला रडतेस? आण की."

मी तो कागद कोंबिनीत नेला. चोवीस तास उघड्या असणाऱ्या या दुकानांत दाराजवळ कॉपीचं यंत्र असतं. रेघांचा कागद, तिचं तिरकं अक्षर, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. काचेवर ठेवून झाकण लावताना जरा थांबले, कारण शेजारीच ऑक्टोबरसाठी काळ्या टोप्या आधीच टांगून ठेवल्या होत्या. मग हव्या तेवढ्या प्रती काढल्या. डागासकट. एकही अक्षर न सुधारता. एका ठिकाणी तिने ऱ्हस्व-दीर्घ चुकवला आहे, तोही तसाच ठेवला. आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे मला किती जड गेलं असेल.

त्या वर्षी गणपती उशिरा होते. मंडळाचा कार्यक्रम शरद संपाताच्या दिवशी आला, दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी. इथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं घेऊन जातात. अख्खा देश जो दिवस सुट्टी घेऊन पाळतो, तो हिने हिरव्या पेनाने गोल करून पाळला तर ते काहीबाही. हॉलकडे जाताना सायकलवर मी हेच घोकत होते.

हॉलच्या दारात चपला काढायची जागा असते. तिथेच एक टेबल लावून मी दर वर्षी अंक वाटते. पोहोचले, तर काकू आधीच तिथे. चपलांच्या कपाटाशेजारी घडीच्या खुर्चीवर, पांढऱ्या सुती साडीत. मुलगा त्यांना सोडून गेला होता. आत आरतीची तयारी चालली होती. दोघी-तिघी बाहेर येऊन म्हणाल्या, "काकू, आत चला ना, दर्शन घ्या."

"आमच्यात वर्षभर सण नाही," काकू म्हणाल्या. "मी देवाला आले नाही. हे द्यायला आलेय." आणि त्यांनी मांडीवर घेऊन माझ्या प्रतींना घड्या घालायला सुरुवात केली.

एक घडी, अंकाच्या आत. एक घडी, अंकाच्या आत. लोक चपला काढत होते, अंक घेत होते. थोड्या वेळाने सचिव बाहेर आली. तिच्या हातात उघडलेला कागद होता.

"हे काय आहे? समितीने मंजूर केलंय?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज फार मोठा आला. चपला काढणारी दोन माणसं थांबली.

"मग असं परस्पर कसं वाटतेस तू?"

"तिचं पहिलं वाक्य मी परस्परच बदललं होतं. तेव्हा तुम्ही कोणी विचारलं नाहीत. आणि दहाव्याला तू म्हणालीस, भोगावं लागतं. ती काही भोगत नव्हती. ती आजारी होती. भाकरी करून कोणी आजारी पडत नाही."

ती लाल झाली. काकूंकडे वळून म्हणाली, "काकू, मी तसं नव्हते हो म्हणाले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तर आम्ही तो शब्द..."

"मला कुणी विचारलं?" काकू घडी घालता घालता म्हणाल्या. "सुगरण मात्र मला न विचारता छापलंत. त्याचं वाईट वाटलं."

ती आत गेली. कार्यक्रम व्हायचा तसा झाला. काहींनी कागद वाचला. एकाने परत आणून टेबलावर ठेवला, एक शब्द न बोलता. एक तरुण मुलगी, नागोयाहून पाहुणी आलेली, पुन्हा बाहेर येऊन आणखी एक प्रत मागून घेऊन गेली. तीन-चार कागद मला नंतर जळाऊ कचऱ्याच्या डब्यात सापडले. इथे कागद वेगळा द्यायचा असतो; इतकी वर्षं जपानात राहून तो जळाऊ कचऱ्यात टाकतात, याचा मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग आला. मी ते काढून, सरळ करून, पुन्हा गठ्ठ्यात ठेवले.

आत टाळ्या-झांजा सुरू झाल्या तशी मी सवयीने उठले. संपादकाने आरतीला उभं राहायचं, पुढच्या रांगेत, हे ठरलेलं. देव मानत नसले तरी दर वर्षी राहते. चपला काढायला वाकले.

काकूंनी शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"तू कुठं निघालीस? बस इथं," त्या म्हणाल्या. "आपल्याला यंदा सण नाही."

मी बसले. आत आरती चालू होती. त्यांनी माझ्या हातात घडी न घातलेल्या प्रतींचा अर्धा गठ्ठा दिला.